मानेपासून खाली

तीर्थस्वरूप वहिनींना,

गुडघे वाकत नाहीत म्हणून नमस्कार उभ्यानेच करतो. तो पायांपर्यंत पोचला असं समजून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? चष्मा डोळ्यांवर घालत जा, नुसता कपाळावर ठेवू नका. इकडे मी ठीक आहे (म्हणजे जेवतो आणि चिडतो, दोन्ही वेळेवर).

दादा जाऊन चार महिने झाले. तेवढ्यात तुम्ही तीनदा निरोप पाठवलात, की भाऊजी, वर्षभर दुकानात त्यांचे फोटो काढत होतात, त्यातला एक भिंतीवर लावायला पाठवा. लग्नातला नको, त्या काळ्या मिशीवाल्या मुलाला मी आता ओळखतही नाही, असंही म्हणालात. मी तिन्ही वेळा 'शोधतो' म्हणून टाळलं. आज खरं सांगून टाकतो. फोटो दोनशे बारा आहेत. एकातही दादाचं तोंड नाही.

रागावू नका, आधी ऐका. माझे हात थरथरायला लागले तेव्हा तुमच्या लेकीने कात्री काढून घेतली आणि त्या बदल्यात हा कॅमेरा दिला. यात रोल नसतो काका, हवे तितके काढा, म्हणाली. माझा विश्वास बसेना. चाळीस वर्षं कापड बेतलेला माणूस मी. कात्री एकदा चालली की चालली, तिथे 'पुन्हा काढू' नसतं. त्यामुळे पहिला महिना मी बटणावर बोट ठेवून नुसताच उभा. दादा मशीनवर हात ठेवून अवघडून बसायचा आणि शेवटी ओरडायचा, "अरे दाब की एकदाचं, मान आखडली माझी!" मग दाबायला लागलो तो थांबेना. पडद्यावर एक पिवळा चौकोन येतो, तो ठेवाल तिथलं स्वच्छ दिसतं. महत्त्वाचं असेल तिथे ठेवा, असं लेकीने बजावलं होतं. मी ठेवला. कॉलर अशी लख्ख आली आहे म्हणता! डाव्या खांद्याचा उतार, बाहीची शिवण, काजाचे टाकेसुद्धा मोजून घ्या. (राखाडी शर्टाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबतंय. शिंप्याचं! गिऱ्हाइकांसमोर!) पण सगळे फोटो मानेपाशी संपतात. गिऱ्हाईक आलं की मी जन्मभर मानेपासून खालीच बघत आलो. तोंडाकडे बघणं, गोड बोलणं, उशीर झाला की समजूत घालणं हे दादाचं खातं. त्याच्याकडेही मी तसंच बघितलं. त्याचा गळा साडेपंधरा, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण कपाळावर आठ्या तीन होत्या की चार, ते आठवत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा वहिनी, भिंतीसाठी माझ्याकडे काही नाही. जमलं तर माफ करा.

आपला,
धाकटा दीर

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सगळे पुन्हा बघितले तर एक जास्तीचा निघाला. तो दादाने काढलेला, म्हणून मी मोजलाच नव्हता. त्यात मी आहे, गळ्यात टेप, तोंड वासलेलं, डोक्यासकट. माझ्या मागे कपडे घालून बघायचा आरसा आहे आणि आरशात दादा. कॅमेरा छातीशी धरून पडद्यात बघतोय आणि हसतोय. आठ्या चार आहेत. सोबत पाठवतो आहे.

आणखी एक. फोटोवाला म्हणाला, "पुढच्या काकांना कापून मागचे मोठे करून देतो, कुणाला कळणारही नाही." त्याचं बरोबर आहे, भिंतीवर दादा हवा, दीर नको. कापायला मीही कधी मागेपुढे बघितलं नाही. पण तो हसतोय ते माझ्याकडे बघून. तुमची हरकत नसेल तर मी तिथेच उभा राहू का? फारच अडचण वाटली तर मानेपासून वरचं कापा, बाकीचा राहू द्या.