वाहनमालक स्वतः

५ मार्च

पुलावरच्या कॅमेऱ्याने मला तिसऱ्यांदा पकडलं. पन्नासच्या रस्त्यावर ब्याऐंशी. गाडी ह्यांच्या नावावर, पण घरातले सगळे कागद माझ्या हातात, म्हणून मेसेज माझ्याच फोनवर. चहा उकळेपर्यंत दंड भरून मोकळी झाले. ‘कोण चालवत होते?’ — पुन्हा ‘वाहनमालक स्वतः’वर टिचकी. दुसरा पर्याय निवडला की परवान्याची प्रत जोडा, दोन पानं भरा. इतका वेळ आहे कुणाला? साडेनऊला परीक्षा विभाग मला उघडायचा असतो.

११ मार्च

विम्याचा हप्ता दीडपट. फोनवरची बाई म्हणाली, चालकाचं रेकॉर्ड खराब आहे. तिला झापलं. उगीच.

१९ मार्च

ह्यांच्या नावाने रजिस्टर पत्र. वर्षात तीनदा वेगमर्यादा ओलांडली, तिन्ही वेळा कबुली दिली, सबब परवाना सहा महिने निलंबित.

सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस! मुलं कासवकाका म्हणतात. चालत गेले असते तर आधी पोचले असते, असं मीच किती वेळा टोचून बोलले आहे.

चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. “मी? ब्याऐंशी?” एवढंच म्हणाले. त्या तिन्ही दिवशी दुपारी गाडी त्यांच्याकडेही होती — नणंदेला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचे दिवस. पत्रात नुसत्या तारखा, वेळ नाही.

मी भांडी विसळत होते. विसळत राहिले.

२० मार्च

अजून सांगितलेलं नाही.

२३ मार्च

वकिलांकडे एकटीच जाऊन आले. खरं सांगितलं तर खोटी माहिती दिल्याचा खटला माझ्यावर, परवाना माझा जाणार, वर ऑफिसला लेखी कळवावं लागणार. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. पेन्शन अडकू शकते. गप्प राहिलात तर सहा महिन्यांत आपोआप मिटेल, म्हणाले.

मलाही तेच ऐकायचं होतं. त्याची लाज वाटते.

२६ मार्च

दुपारी नणंदेचा फोन. दादा मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आला, तुला पत्ता तरी आहे का वहिनी? डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळं बिनचूक. तरी ह्यांचं एकच — मग तो वेग मला आठवत कसा नाही?

चौतीस वर्षं इतरांच्या गुणपत्रिकांतल्या चुका काढते आहे मी.

हे घरी आल्या आल्या समोर बसवलं आणि सांगितलं. तिन्ही तारखा एकेक करून त्यांनी माझ्याकडून वदवून घेतल्या.

“म्हणजे मी नव्हतो.”

“नाही.”

“डोकं ठिकाणावर आहे माझं.”

“हो.”

जरासे हसले. घोटभर पाणी प्यायले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२७ मार्च

आरटीओत जबाब देऊन आले. तिथल्या कारकुनाने कोणता रकाना कसा भरायचा ते मला बोट ठेवून समजावलं — मी विद्यार्थ्यांना समजावते तसं. ऑफिसलाही लेखी कळवलं. पेन्शनचं व्हायचं ते होवो.

१६ एप्रिल

ह्यांचं निलंबन रद्द! माझा परवाना जमा. खटल्याची तारीख जूनमध्ये. विम्याचा हप्ता आहे तेवढाच राहणार, म्हणे. राहू दे. ह्यांची बस परत मिळाली की झालं.

१७ एप्रिल

आदेशाची प्रत घेऊन बसच्या मालकांकडे मीच गेले. त्यांनी खुर्ची दिली, प्रत नीट वाचली. मग ड्रॉवरमधून ह्यांचा राजीनामा काढून पुढे ठेवला. २१ मार्चचा. “सहा महिने बदली माणूस ठेवला असता मी, वहिनी. पण हे वाचल्यावर काय करणार?”

‘मी कधी वेगात चालवतो ते मला आठवत नाही. मुलं माझ्या हाती देऊ नयेत.’ स्वच्छ, सरळ अक्षर.

ह्यातलं एक अक्षरही हे मला बोलले नाहीत. राजीनाम्याची प्रत शाळेकडे गेली आहे. शाळेने ती पालकांच्या सभेत वाचून दाखवली.