चौथी जागा

ती. मामांना,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच, उरलेला समोरासमोर करीन). प्रत्येक पत्रात तुम्ही ‘मी ठणठणीत’ लिहिता, पण मामी गेल्यापासून रोज सकाळी रिकामं गॅरेज झाडत बसता, हे तुमच्या शेजारीणबाईंनी फोनवर सांगून टाकलं आहे. इकडे सगळे मजेत.

मामा, तुम्ही तुमची लाडकी गाडी आम्हाला देऊन टाकलीत, हे उपकार फिटायचे नाहीत. पण तुमची भाचेसून पडली शिक्षिका. तुमच्या नातीला रस्त्यावरच्या धुराने खोकला होतो, आणि आता तो धूर आपणही सोडणार, या विचाराने हिला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी हिने नियमच केला: चारही जागा भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. किल्ली साखरेच्या डब्यात गेली (डॉक्टरांनी माझी साखर बंद केल्यामुळे तिथे माझा हात जात नाही).

आम्ही तिघं. चौथे म्हणून वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा मिळाले. दुकान बंद केल्यापासून त्यांना कुठेच जायचं नसतं, त्यामुळे ते कुठेही यायला तयार असतात. पहिल्या सोमवारी मायलेकींना शाळेत सोडलं आणि लक्षात आलं की गाडीत आता दोघंच! छापखाना हाकेच्या अंतरावर, पण नियम म्हणजे नियम. शाळेच्या फाटकापाशी एक शिंपी आणि एक शेगडी दुरुस्त करणारे उभे होते, त्यांना आग्रहाने बसवलं. शिंपी गावाच्या एका टोकाला उतरले, म्हणून त्यांच्या जागी एक नर्सबाई घेतल्या. त्यांना दुसऱ्या टोकाला जायचं होतं. असं करत करत मी साडेबाराला छापखान्यात पोचलो. मालक नुसते घड्याळाकडे बघत राहिले. आठवड्याचं पेट्रोल एका सकाळीत संपलं. आजोबा मात्र म्हणाले, “बऱ्याच दिवसांनी गाव बघितलं हो!”

तेव्हापासून आम्ही मागच्या गल्लीने चालत जातो, आणि गाडी फक्त रविवारी, लांबच्या कामाला, चौघांनी भरून काढतो. चालण्याने नातीचा खोकला निम्म्यावर आला. आणि ज्या इमारतीत मला फक्त दारावरच्या पाट्या माहीत होत्या, तिथे आता सगळे रविवारी गाडी कुठे निघणार याची चौकशी करतात. हे सगळं तुमच्या गाडीमुळे. मनापासून सांगतो, मामा, फार सुखात आहोत.

तुमचा,
भाचा

ता. क. घड्याळवाले आजोबा गेल्या आठवड्यात कायमचे मुलीकडे राहायला गेले. चौथी जागा इमारतीत अजून कुणाला दिलेली नाही, त्यामुळे गाडी अडून बसली आहे. तुमचीच गाडी, तुम्हीच बघा काय ते. हवं तर आम्ही तिघं तुम्हाला न्यायला बसने येतो.

ता. ता. क. मामा, मी तुमची भाचेसून. यांना सरळ विचारायला जमत नाही, म्हणून पाकीट उघडून लिहिते आहे. राहायलाच या. मामींची उशी मागच्या सीटवर तशीच ठेवली आहे. रविवारी आम्ही गाडीनेच येतोय. जाताना तिघंच असू, तेवढा नियम मी मोडते. परत निघताना चौघं नसलो, तर गाडी तुमच्या गॅरेजात सोडून आम्ही चालत घरी जाऊ. नातीला घेऊन.