काचेवर सरळ उभी बाई

१४ सप्टेंबर १९०८, घोडेगाव
पुण्याच्या साहेबांचं पत्र! जुन्या लोखंडाच्या कारखान्यांवर पुस्तक काढताहेत. आपल्या डोंगरातल्या पडक्या भट्टीचा एक स्वच्छ फोटो हवाय. खाली फोटोग्राफरचं नाव छापणार. फतेचंद दलीचंद! आख्ख्या तालुक्यात कॅमेरा एकट्या माझ्याकडे. एका दिवसाचं काम. परवाच निघतो.

बापूजींना आनंद नाही. म्हणाले, दोन वर्षांत त्या पेटीनं म्हशींशिवाय कोण टिपलं? आता बायका परक्या पुरुषापुढे फोटोला बसत नाहीत, यात माझा काय दोष? दिवाळीपर्यंत हा फोटो पुण्याला गेला नाही तर ते कॅमेरा विकणार आणि पाडव्यापासून मी कापडाच्या दुकानात. जन्मभर लुगडी उलगडा, घड्या घाला. त्यापेक्षा मरण परवडलं.

१६ सप्टेंबर
निघालो नाही. गाडीवान रखमाजीनं नको तेव्हा तोंड उघडलं. म्हणाला, शेट, त्या भट्टीत एक लोहार जळून मेला व्हता. त्याची बायकू अजून तितं उभी ऱ्हाती. लई जणांनी पायलीय. मी मोठ्यानं हसलो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. हवा ढगाळ होती म्हणून राहिलं.

२० सप्टेंबर
लख्ख ऊन. फारच लख्ख. फोटोत सावल्या काळ्या पडतात. नको.

२९ सप्टेंबर
चातुर्मास चालू आहे हे आज ध्यानात आलं. जैनाच्या पोरानं हिरवं तुडवत, किडामुंगी चिरडत डोंगर हिंडावेत का? कार्तिकी पौर्णिमेनंतर जावं हे उत्तम. बापूजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, मागच्या चातुर्मासात जुन्नरच्या बाजारात कांदाभजी कुणी खाल्ली? यांना बातम्या पुरवतं कोण!

६ ऑक्टोबर
गेलो. ओढ्यापर्यंत. सूर्यास्ताच्या आत जेवायचा माझा नेम आहे, तो मोडेल म्हणून गाडी वळवली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पण नेम तो नेम. रखमाजी सगळी वाट गालात हसत होता. उद्धट माणूस.

८ ऑक्टोबर
कंचन म्हणाली, भीती वाटत असेल तर मी येऊ का बरोबर? बायको असली म्हणून काहीही बोलावं? भीती, आणि मला! फोटो धुवायला, काचेच्या प्लेटा भरायला मीच तिला शिकवलं, तर आता ही मला धीर देणार. म्हटलं, कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली डोकं घालायला छाती लागते. तर म्हणे, सात वर्षं घुंघटात काढली, त्या फडक्याचं काय घेऊन बसलात!

तिला कळायचं नाही. फडक्याखाली डोकं गेलं की पाठ उघडी पडते. मागून कोण येतंय ते दिसत नाही. ही भीती नव्हे. निरीक्षण आहे.

१५ ऑक्टोबर, दुपारी
गोधडीत बसून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर लागू नये.

आज पोचलो. रखमाजी गाडीपाशी थांबला. भट्टीची अर्धी भिंत उभी, पुढे मोठा खड्डा, सगळीकडे गवत. कॅमेरा तिवईवर चढवला. फडक्यात शिरलो. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, झाडाचा शेंडा खाली, बुंधा वर. त्याची मला सवय आहे. भिंत उलटी दिसली. ठीक. आणि काचेच्या मधोमध एक बाई.

सरळ! डोकं वर, पाय खाली!

काचेवर सरळ, म्हणजे खरोखर उलटी! डोकं जमिनीकडे, पाय आभाळाकडे! अगं आई गं! नवकार मंत्र म्हणायला गेलो, दोन ओळींपुढे आठवेना. पळालो. फडकं डोक्यावरच. ते काळं ध्यान अंगावर येताना पाहून रखमाजीनं बोंब ठोकली आणि तोही पळाला. बैल आमच्याही पुढे. कॅमेरा तिथंच राहिला.

१६ ऑक्टोबर
थंडीताप. साधाच. आईनं दृष्ट काढली. डोळे मिटले की ती दिसते. दिवाळीला आठ दिवस राहिले. कॅमेरा तिकडे, मी गोधडीत. रडलो थोडा. तापानं.

१८ ऑक्टोबर
कंचन कॅमेरा आणायला निघाली. आईनंच जा म्हटलं. एकट्या बाईमाणसाला कसं पाठवायचं, म्हणून मीही गेलो. पण बैल बुजतात, त्यांच्यावर लक्ष हवं. तेवढ्यासाठी गाडीच्या चाकाशी बसून राहिलो. ऊन होतं म्हणून फडकं डोक्यावर घेतलं.

ती दोघी होऊन परत आली. दुसरी बाई पाहून मी गाडीखाली शिरलो. निघाली सरूबाई. गवत कापणारी म्हातारी. त्या दिवशी ती भिंतीच्या टोकावर उभी होती, माझ्या काचेच्या बाहेर. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय, त्यात तिचं उलटं प्रतिबिंब. उलट्याचं काचेवर सुलट. सरूबाई म्हणाली, मी हाका मारीत व्हते की वो, पावणं, चपला ऱ्हायल्या म्हून!

मला शंका होतीच. कंचननं तिवई मागं घेतली आणि फोटो काढला. प्लेट माझी.

२० ऑक्टोबर
फोटो पुण्याला रवाना. दिवाळीच्या आत! कॅमेरा वाचला. शब्दाला जागणारा माणूस मी.

२६ ऑक्टोबर, पाडवा
आई सकाळी गल्लीतल्या अकरा बायका घेऊन आली. बाईच फोटो काढणार असेल तर सगळ्या बसायला तयार. बापूजींनी जागच्या जागी निकाल दिला. कॅमेरा घरीच राहील, कंचनकडे. मी दुकानात. पहिलं गिऱ्हाईक सरूबाई. फोटोसाठी नवं लुगडं हवंय म्हणाली. अठरा उलगडली. अठरा घड्या घातल्या.

दुपारी साहेबांचं पत्र. फोटो अप्रतिम. विशेषतः डाव्या कडेला, गाडीच्या चाकाशी डोक्यावर फडकं घेऊन उकिडवा बसलेला मजूर. त्याच्यामुळे भट्टी केवढी मोठी ते कळतं. दोघांचीही नावं कळवा, छापू.

उत्तर बापूजींनी माझ्याच हातानं लिहून घेतलं. फोटोग्राफर, कंचनबाई. मजूर, फतेचंद दलीचंद.

नाव छापून येणार, हे मी पहिल्या दिवशीच लिहिलं होतं.