पॅन्टचा घेर

प्रिय ठोंब्या,

दुरुस्तीला पाठवलेली तुझी पॅन्ट मिळाली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, आधी माझा पराक्रम ऐक. काल सर्जनबाईंच्या परवानगीने मी ताटभर जेवले! वर आणखी वाढून घेतलं, आणि नंतर उशी पोटाशी धरून कोपऱ्यात न बसता सरळ दुकानात जाऊन मशीनवर बसले. दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी पाठ टेकून, पाय ताणून झोपले, तर तुझ्या भाऊजींनी घाबरून तोंडावर पाणी मारलं. बिचाऱ्यांनी लग्न झाल्यापासून मला पाय पोटाशी घेऊनच झोपलेलं पाहिलंय.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. स्वादुपिंडाची नळी खड्यांनी तुंबली होती. ती उघडून खडे काढले आणि आतड्याला जोडून दिली. एवढं सगळं बारीकशा छिद्रांतून! शुद्धीवर आल्यावर मी आधी पोट पाहिलं. कोटाला काजं करावीत तशी चार-पाच भोकं, बस. सर्जनबाईंना म्हटलं, हात चांगला आहे तुमचा, दुकानात एक जागा रिकामी आहे. त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना आणि टाके दुखले. पण ते दुखणं वेगळं रे, दिवसागणिक कमी होणारं. ते आतलं, पाठीत घुसणारं दुखणं गेलं. गेलंच!

आप्पांची फार आठवण आली. त्यांचं अर्ध्या ताटावरून उठणं लोकांनी दारूच्या माथी मारलं, आणि आपल्या बापाने आयुष्यात थेंबही घेतला नव्हता. ते तसेच कण्हत गेले. सर्जनबाई म्हणाल्या, हा आजार कधीकधी घराण्यात असतो.

आता तुझी पॅन्ट. कंबर आत घे म्हणतोस, तीही वर्षात दुसऱ्यांदा. हल्ली फिरायला जातोस म्हणे! सोबत बटण लावायला शर्ट पाठवलास, त्याचं कापड पोटावर एकाच जागी विरलंय, मूठ दाबून दाबून. आप्पांचे शर्ट तिथेच विरायचे, माझे कपडेही तिथेच. शिंपिणीला कपडे पाठवून दुखणं लपवतोस होय रे? बटण लावलंय. पॅन्टला मी सुई लावलेली नाही. घेर आहे तेवढाच राहील, तो तुला भरून काढायचाय. सोमवारी सर्जनबाईंकडे तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. मी सोबत असेन. पट्टा आवळून हीच पॅन्ट घालून ये.

तुझीच, भोकं पाडून सरळ झालेली,
ताई