यादीत ‘स्थिर’

४ नोव्हेंबर

बाकं धुताहेत! सकाळी सातपासून दोन माणसं पाण्याची गाडी घेऊन आलीत, अंगात पांढरे झगे, आणि आमच्या ब्लॉकसमोरची बाकं फवारताहेत. त्या बाकांवर साथीमुळं पंधरा दिवसांत चिटपाखरू बसलेलं नाही. इकडं चौथ्या मजल्यावर माझा नवरा धापा टाकतोय. अँब्युलन्सला काल दुपारी फोन केला तर बाई म्हणाली, नंबर लागलाय तुमचा. कसला नंबर? पावाच्या रांगेत उभी आहे का मी?

खिडकी उघडली आणि त्या दोघांना सांगितलं, एवढं औषध उरलंय तर वर या नि ह्याला फवारा. एकानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा बाक धुवायला लागला.

मिन्को म्हणाला, “वेल्के, खिडकी लाव. हसवू नकोस, हसलं की खोकला येतो.”

५ नोव्हेंबर

काल संध्याकाळी नेला एकदाचा. सत्तावीस तासांनी. जिन्यात दोघांना तो पेलेना – शंभर किलोचा गडी, त्यात लिफ्ट बंद. शेवटी स्वतःच कठडा धरून एकेक पायरी उतरला. पायात त्याच्या चौकड्याच्या सपाता, डावीची टाच चेपलेली. पंचेचाळीस नंबर, शहरात मिळत नाही, मी कारखान्यातल्या मैत्रिणीकडून शिवून घेतलेल्या.

मला गाडीत बसू दिलं नाही. दारातच अडवलं. कपाळाला हात लावू दिला फक्त.

७ नोव्हेंबर

इस्पितळाचा फोन लागत नाही. म्हणून शहरानं आता माहिती केंद्र काढलंय. महापौर टीव्हीवर येऊन सांगत होता, जणू दुनाव नदीवर पूल बांधला. अकरा ते एक या वेळात फोन करायचा, नाव सांगायचं, पलीकडं एक पोरगी बसलेली असते, ती यादीत बघून सांगते. सियाना नाव तिचं. आवाजावरून विशीची असेल.

“आजी, यादीत ‘स्थिर’ आहे.”

स्थिर म्हणजे काय? खातोय का? बोलतोय का? तर म्हणे, मला तेवढंच दिसतं. बरण्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यासुद्धा यापेक्षा जास्त सांगायच्या. एकतीस वर्षं कारखान्यात मी त्या चिकटवल्या. आत काय, कधी भरलं, कुणी भरलं, सगळं असायचं.

८ नोव्हेंबर

स्थिर.

९ नोव्हेंबर

स्थिर. चौदा नंबरचा पलंग आहे म्हणे. एवढी तरी प्रगती.

खालच्या दारावर मयताचे तीन नवे कागद. फोटो, नाव, वय, खाली घरच्यांची नावं. एक समोरच्या शिक्षिकेचा. आमच्याकडं कोण गेलं ते दारावरच कळतं, नेहमीच. पण तीन एका दिवसात? आणि शहर म्हणतं, काल आपल्याकडं दोन मृत्यू. दोन! आमच्या एका जिन्यात तीन आहेत. कोपऱ्यावरचा अस्पारुख हे कागद छापतो, त्याला विचारलं. म्हणाला, मशीन तापून बंद पडतंय, मावशी.

त्याला सांगून आले, मिन्कोचा फोटो आलाच तर आधी मला कळव. केंद्रापेक्षा ह्याचं बरं. ह्याला खोटं बोलून काय मिळणार?

११ नोव्हेंबर

रुम्यानाचा फोन, स्पेनहून. विमानं नाहीत. रडत होती. म्हटलं, रडून काय होणार आहे, बाप स्थिर आहे तुझा, शहर सांगतंय.

१२ नोव्हेंबर

अकराला सियाना म्हणाली स्थिर.

चारला इस्पितळातून फोन. बाई घाईत होती, मागं घंटा वाजत होत्या. म्हणाली, चौदा नंबरचा पलंग, तुमचे ना? दुपारी दोनला गेले. उद्या दहाला स्मशानात या, कागदांवर सही लागेल.

मी विचारलं, अकराला स्थिर होता तो दोनला गेला? ती म्हणाली, असंच होतंय, बाई. आणि फोन ठेवला.

मयताच्या घरात टाकतात तशी आरशावर चादर टाकली. खालच्या मजल्यावरची गेर्गिना वर आली. मी दोघींना राकियाची दारू ओतली. ती दारातच उभी, मी आत.

१३ नोव्हेंबर

मातीत घातला. अकरा मिनिटांत. घड्याळ बघत होते मी.

पेटी बंद. वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, चिकटपट्टी लावलेली, कुरियरच्या खोक्यासारखं. मी म्हटलं, झाकण उघडा. एकदाच. कपाळाचा मुका घेते आणि बाजूला होते. बेचाळीस वर्षांचा संसार आहे. झग्यातला माणूस म्हणाला, शहराचा नियम आहे. नियम कुणी केला विचारलं तर त्यालाही माहीत नाही. चष्मा आणि तंबाखूची डबी सोबत ठेवायला आणली होती, तीसुद्धा ठेवू देईना.

शेजारच्या खड्ड्यापाशी एक बाई पेटीवर आडवी पडली होती. उघडा, नाहीतर मलाही घाला आत. पोलीस आला तरी हलेना. मला वाटलं, काय हा तमाशा. चार लोकांत. मी तसलं करणारी नाही. सही केली नि मागं सरले.

आणि पेटी केवढी! लहान मुलीच्या पलंगाएवढी. दोन माणसांनी सहज उचलली. माझ्या मिन्कोला घडी घालून कोंबला की काय त्यांनी? आठ दिवसांत इतका वाळवला? लाकडातसुद्धा काटकसर करताहेत, मेले!

त्याच्या सामानाची पिशवी दिली. काळ्या रबरी चपला, एकेचाळीस नंबर. फोन नाही, चौकड्याच्या सपाता नाहीत. म्हटलं, हे त्याचं नव्हे. म्हणाला, आजी, एवढ्या गर्दीत होतं इकडचं तिकडं. चोर. मेलेल्याच्या पायातलंही सोडत नाहीत.

१४ नोव्हेंबर

अस्पारुखनं कागद छापून दिले. फोटो लग्नाचा नको म्हटलं, मासे धरलेला घे. सगळ्या जिन्यांच्या दारांवर, बसथांब्यावर, त्याच्या बागेतल्या अक्रोडाच्या झाडावर लावले. स्वतः लावले. हात गारठले.

१६ नोव्हेंबर

आज माझ्या हातून फोन फुटायचाच बाकी होता.

साडेअकराला तो वाजला. आता केंद्रवाले स्वतःहून फोन करतात म्हणे, नवी सोय. सियाना. गोड आवाजात म्हणते, “आजी, मिन्को आजोबांची प्रकृती स्थिर आहे. ऑक्सिजन चालू आहे.”

माझं असं सुटलं तोंड की गेर्गिना खालून वर धावत आली. म्हटलं, बये, तीन दिवस झाले त्याला पुरून. मी माती टाकलीय ह्या हातांनी. कसला ऑक्सिजन देताय, मुळांना? तुमची यादी कोण लिहितं? बाकं धुणारा?

ती पोरगी रडायला लागली. म्हणाली, आजी, मला जे दिसतं तेच वाचते मी, इथं खरंच तसंच आहे. मी म्हटलं, मग तुझ्या हातानं खोड. माझ्यासमोर. रोज नवऱ्याच्या नावानं मला हे ऐकायचं नाही.

“खोडते, आजी. माफ करा.” टकटक ऐकू आली. “खोडलं.”

बरं वाटलं. खोटं का सांगू? इतक्या दिवसांत या शहरानं माझं एक काम केलं.

२० नोव्हेंबर

नववा दिवस. गहू उकडून, साखर-अक्रोड घालून कबरीवर नेले. वाइन ओतली. देव त्याला क्षमा करो. धर्मगुरू मुसकं बांधून दहा पावलं लांबून म्हणाला काय म्हणायचं ते.

परतताना त्याचे कपडे वाटून टाकले. ठेवून काय करायचं? तपकिरी कोट गेर्गिनाच्या भावाला. त्याला ढगळ होतो, पण नाही म्हणाला नाही. लोचट.

२७ नोव्हेंबर

महापालिकेत गेले होते, तक्रार द्यायला. दारावर कागद – अर्ज फक्त इंटरनेटवरून. दारावरच्या माणसाला म्हटलं, माझ्याकडं पेन आहे. म्हणाला, पेन चालत नाही. शिकले असते पुढं तर ह्या सगळ्यांना मी चालवलं असतं चांगलं.

६ डिसेंबर

संत निकोलाचा दिवस, मासा खायचा. मिन्को असता तर मासा त्यानंच धरून आणला असता, आणि काटा लागला म्हणून मलाच बोल लावला असता. मी केलं नाही काही. गेर्गिनानं भरलेल्या माशाचा एक तुकडा पाठवला. खारट.

शहर म्हणतं आकडे उतरताहेत. दारावर आमच्या आज दोन नवे.

१५ डिसेंबर

चाळिसाव्या दिवसाचं आधीच्या शनिवारी करतात, म्हणजे येत्या शनिवारी. गहू निवडून ठेवले.

१८ डिसेंबर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी गहू उकळत ठेवले होते. फोन वाजला, अनोळखी नंबर. कुणीतरी बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणालं, “वेल्के, कुठं आहेस तू? सहा आठवडे झाले. माझा वस्तरा आण. आणि तो तपकिरी कोट, इथं मरणाचा गारठा आहे.”

मी गव्हाखालचा गॅस बंद केला. विचारलं, कोण बोलतंय?

“कोण म्हणजे? दुसरा नवरा केलास का?”

मग एकेक कळलं. अकरा नोव्हेंबरला, तिथं जागा हवी होती म्हणून ह्याला टेकडीवरच्या जुन्या क्षयाच्या इस्पितळात हलवलं. नुसता माणूस हलवला. कागद चौदा नंबरच्या पलंगाला तसेच लटकत राहिले, आणि पलंगावर दुसरा आणून घातला. ह्याचा फोन हरवला, हा महिनाभर कधी शुद्धीत, कधी बेशुद्ध. काल घशातली नळी काढली. नर्सच्या फोनवरून बोलत होता. चौकड्याच्या सपाता त्याच्या पलंगाखालीच आहेत.

टेकडीवरून ह्याचं नाव केंद्राला कळत होतं, म्हणजे सियानाची यादी बरोबर होती! त्या सगळ्या भोंगळ कारभारात एक ओळ खरी होती, आणि ती मी ओरडून खोडायला लावली.

“कोटाचं काय?” मिन्को पुन्हा म्हणाला.

“नाहीये कोट. वाटून टाकला.”

“का?”

“तू मेलास म्हणून.”

मग म्हणाला, “कुणाला दिलास?”

“गेर्गिनाच्या भावाला.”

“त्याला? त्यापेक्षा पुन्हा पुरून टाक मला.” आणि हसला, आणि हसताना खोकला आला त्याला, आणि मी तो खोकला ऐकत बसले. ठेवूच देईना मी त्याला फोन.

सगळ्या जिन्यांच्या दारांवरचे कागद फाडले. बसथांब्यावरचे. अक्रोडाचा. लोक खिडक्यांतून बघत होते – हिला वेड लागलं.

मग केंद्रात फोन केला. म्हटलं, सियाना, पोरी, ते नाव परत लिही. चूक माझी. पलीकडं पुन्हा टकटक ऐकू आली.

१९ डिसेंबर

झोप नाही. गहू टाकून दिले नाहीत. आज त्या कबरीवर घेऊन गेले. क्रॉसवर मिन्कोचं नाव, खाली कोण ते देव जाणे. बारीक चणीचा असणार. पेटी बरोबर मापाची होती. चपला बरोबर मापाच्या होत्या. सगळं बरोबर होतं आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, ह्यांचा भोंगळपणा. शेजारची ती बाई पेटी सोडेना, तिला मी तमाशा म्हटलं. मी तेवढा तमाशा केला असता तर झाकण उघडलं असतं.

आणि त्या पुरलेल्याची बायको? गेले पाच आठवडे रोज अकराला ती केंद्राला फोन लावत असणार. तो मेल्याची तिथं नोंदच नाही. पोरगी यादीत बघत असणार आणि सांगत असणार – स्थिर आहेत.

इस्पितळ म्हणतं, चौकशी करू, अर्ज द्या. इंटरनेटवरून.

काळ्या चपला पिशवीत घालून सरळ अस्पारुखकडं गेले. म्हटलं, मयताचा कागद काढ. दोनशे. नाव माहीत नाही, वय माहीत नाही. खाली माझं नाव आणि फोन टाक. शहरातल्या प्रत्येक दारावर लावणार आहे.

“फोटोच्या जागी काय घालू, मावशी?”

पिशवीतून चपला काढून त्याच्या मशीनच्या काचेवर ठेवल्या.