रायाजीचं गलबत मागे फिरवण्याबाबत

२८ ऑगस्ट
मोठी बातमी. यंदा टाउनशिपच्या गणपतीत रोज आरतीनंतर अर्धा तास माझ्या कादंबरीचं वाचन! अंताक्षरी कॅन्सल. मंडळाचे अध्यक्ष वसंतराव (फॅक्टरीत आमच्या स्टोअर्स विभागाचे साहेबही तेच) स्वतः म्हणाले की लोकांना काहीतरी नवीन द्या. देतो.
नायक रायाजी. वय अठरा. पेशव्यांचा काळ. घरी न सांगता गलबतावर चढतो, त्याची पहिली सफर. समुद्र मी पाहिलेला नाही. आमच्या शहरातला बडा तलाव पाहिलाय. तो दहापट केला की झालं.
उद्यापासून सकाळी फिरायला जाणे. लेखकाची प्रकृती ठणठणीत हवी.

३० ऑगस्ट
फिरणं राहिलं. चप्पल तुटली.
रात्री जेवताना आमच्या चिरंजीवांनी, विनूने, सांगितलं की मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंगला त्याची निवड झाली. मुंबईला. सतरा तारखेला निघायचंय. म्हणजे मे महिन्यात मित्राच्या ताईच्या लग्नाला म्हणून गेला होता, तो मुलाखत देऊन आला! मी इकडे फॅक्टरीत त्याच्या अप्रेंटिसशिपसाठी चार जणांना भेटून ठेवलंय.
हे कुठून डोक्यात आलं, असं शांतपणे विचारलं. तर म्हणे, तुमच्याच कादंबरीतून. उन्हाळ्यात पहिलं प्रकरण वाचून दाखवलं होतंत ना, किनारा सोडेल त्यालाच दर्या भेटेल, ते एकदम क्लिक झालं.
वाक्य चांगलंच आहे. त्यात वाद नाही.
मी अजिबात चिडलो नाही. आमटीची वाटी हातातून पडली, कारण ती तेलकट होती. मालतीला तेल कमी वापर म्हणून कितीदा सांगितलंय.

१ सप्टेंबर
निश्चय झाला. आरडाओरडा करायचा नाही. जे साहित्याने बिघडवलं ते साहित्यच दुरुस्त करेल. गणपतीत रोज संध्याकाळी रायाजीचे असे हाल करीन की पोरगं आपणहून येऊन म्हणेल, बाबा, नको.
मालतीला प्लॅन सांगितला नाही. बायकांच्या तोंडी तीळ भिजत नाही.

६ सप्टेंबर
पहिलं वाचन. रायाजीला बोट लागते. सलग तीन पानं ओकतो. पुढच्या रांगेतल्या प्रमिलावहिनी तोंडाला पदर लावून उठून गेल्या. प्रसादाचे मोदक उरले.
विनूवर परिणाम तत्काळ. घरी येऊन आईला म्हणाला की सामानात आवळासुपारी जास्त घाल, बाबांनी बरी आठवण केली.
ठीक आहे. ही सुरुवात आहे.

८ सप्टेंबर
तुफान घेतलं. डोलकाठी मोडली, दोन खलाशी वाहून गेले. अंगावर काटा यावा असं लिहिलंय, माझ्या स्वतःच्या आला. नेमक्या जागी मांडवातले दिवे गेले आणि मागून असा गडगडाट झाला की पोरं किंचाळली. टाळ्याच टाळ्या. वन्स मोअर!
नंतर कळलं, गडगडाट विनूचा. मागे उभा राहून पत्रा हलवत होता. म्हणाला, बाबा, इफेक्ट कसा वाटला?
उत्तम होता.
पार कोटरा वस्तीतून आलेल्या एका बाईंनी विचारलं की नेव्हीचे फॉर्म कुठे मिळतात, धाकट्यासाठी हवेत.

१० सप्टेंबर
आज उपासमार. तांदळात अळ्या, पिण्याच्या पाण्याला वास, रात्री उंदीर रायाजीचा अंगठा कुरतडतो. वाचताना चोरून मालतीकडे पाहत होतो. डोळे मोठे झालेले. म्हटलं, लागला बाण! आता ही आई म्हणून मध्ये पडणार.
घरी जाऊन तिने कढई चढवली. शंकरपाळे, चिवडा, दोन डबे गच्च. म्हणाली, पोरावर अळ्यांचा भात खायची वेळ यायला नको.
माझी कादंबरी गंभीरपणे घे म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो. घेतली.

१२ सप्टेंबर
शेवटचं नाही, पण हुकमी अस्त्र. रायाजीची आई. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर दिवा घेऊन उभी राहते. मांडवात सगळ्या बायका मुसमुसत होत्या. वसंतरावांनीसुद्धा चष्मा पुसला. मला स्वतःला दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. घसा बसलाय.
मालती रडली नाही. घरी येताना तिने एवढंच विचारलं की आई आहे, काका आहे, गावचा पाटील आहे, कुत्रासुद्धा आहे. रायाजीचा बाप कुठे आहे? मेला का?
म्हटलं, कथानकात जागा नव्हती.
ती बरं म्हणाली. तिचं बरं मला आवडत नाही.

१४ सप्टेंबर
आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. रायाजीला घराची आठवण येते, तो नाखव्याचे पाय धरतो आणि नाखवा भर समुद्रात गलबत मागे फिरवतो. एका पोरासाठी. यात अशक्य काय आहे?
मांडवात गोंधळ. वसंतराव सगळ्यांदेखत म्हणाले की अहो, गलबत म्हणजे काय फॅक्टरीची बस आहे, डबा विसरला म्हणून मागे वळवायला! सगळे फिदीफिदी हसले. प्रमिलावहिनींचं म्हणणं असं की अर्ध्यातून पळून आलेल्याला मुलगी कोण देईल. मागून कोणीतरी ओरडलं, चीटिंग है!
विनू तेवढा हसला नाही. परतताना माझी खुर्ची त्याने उचलली. शाखा भरते त्या मैदानापाशी विचारलं की बाबा, तुम्ही हे सगळं माझ्यासाठी लिहिताय ना? मी म्हटलं, साहित्य कोणा एकासाठी नसतं.
मग म्हणाला की त्याला भीती वाटते. झोप येत नाही. त्याच्या बॅचमध्ये सगळे कॉन्व्हेंटवाले असतील. तुम्ही एकदा नुसतं जा म्हणालात, तर बरं वाटेल.
भीती वाटते म्हणाला! इतके दिवस याच वाक्याची वाट बघत होतो. मग नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण खुर्ची दोन्ही हातांत धरून तो असा माझ्याकडे बघत होता, की मी म्हटलं, उद्या बघू.
सुटीच्या अर्जावर साहेब जे म्हणतात, तेच.

१५ सप्टेंबर
रजा टाकून शेवटचं प्रकरण लिहिलं. रायाजीचं गलबत पुन्हा बंदरातून सुटतंय आणि धक्क्यावर त्याचा बाप येतो. धावत येतो. दम लागलेला. आणि पोराला सांगतो, जा. त्याचं भाषण दीड पानाचं आहे. फार छान झालंय. उद्या विसर्जनाआधी हे विनूसमोर वाचणार, म्हणजे वेगळं काही बोलायला नको.

१६ सप्टेंबर
वाचन रद्द. कमिटीने ठरवलं, शेवटच्या दिवशी अंताक्षरी. लोकांची डिमांड होती म्हणे. मी म्हटलं, पाचच मिनिटं द्या. वसंतराव म्हणाले, अहो, गलबत घरी पोचलं ना, आता कशाला?
हरकत नाही. पानं शर्टाच्या खिशात ठेवली आहेत. उद्या स्टेशनवर सांगेन. भाषण जवळपास पाठ आहे.

१७ सप्टेंबर
पंजाब मेल नेमकी वेळेवर. एरवी कधी येत नाही.
विनू वाकून पाया पडला. मी खिशात हात घातला. घसा खाकरला. चहावाला मध्ये आला. मालती त्याला डबे कुठे ठेवलेत ते सांगत होती. गाडी हलली. तो दारात उभा, माझ्याकडेच बघत. मी गाडीबरोबर चालायला लागलो, मग पळायला लागलो. दीड पानातलं एक अक्षर आठवेना.
आणि ओरडलो, विनू, पाण्यात उतरू नकोस!
जहाजावर निघालेल्या पोराला.
डब्यातले लोक हसले. विनू नाही हसला. डोळे पुसत म्हणाला, नाही उतरणार, बाबा.

१८ सप्टेंबर
फिरायला गेलो नाही. पाय दुखतायत, कालच्या पळण्याने.
वसंतराव म्हणाले की पुढच्या वर्षी एखादा किल्ला घ्या, समुद्र आपल्याकडे चालत नाही. हो म्हटलं.
मालतीने कालचा शर्ट भिजत टाकला. पानं खिशातच होती. तिने एकेक सोडवून व्हरांड्यातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर ती तिथेच उभी राहून, पुसट अक्षरं लावत वाचत होती. म्हणाली, अगंबाई, म्हणजे बाप होता तर.
म्हटलं, होता. पोचायला उशीर झाला त्याला.