मास्टर गेज

३ मार्च, सोमवार
कारखान्यात वार्षिक तपासणी. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि म्हणाले, १६४ वर १०२. पुन्हा घ्या म्हटलं. १६६. मी त्यांच्या मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी मला गोळ्या लिहून दिल्या.
बॉयलरवरची प्रेशर गेज तपासण्यात माझी उभी हयात गेली. सर्टिफिकेट नसलेल्या मीटरच्या आकड्यावर मी सही करत नाही. शिवाय मला काही होत नाहीये. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना काहीच होत नाही, तीच तर गोम आहे. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं आतल्या आत खराब होत जातात. काही न होणं हा आजार असेल तर सगळे धडधाकट लोक आजारीच म्हणायचे.
तरी संकल्प केला. मीठ बंद, रोज सकाळी चालणं. उद्यापासून.

४ मार्च, मंगळवार
मीठ बंद. चालायला निघालो, बुटाची लेस तुटली. परत आलो.
संध्याकाळी खारे शेंगदाणे. मीठ वरून लावलेलं असतं, आत जात नाही. पंच्याने पुसून खाल्ले.

६ मार्च, गुरुवार
गोळी सुरू केलेली नाही. एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते, असं आमचा फिटर म्हणतो. त्याच्या मेव्हण्याच्या मागे लागली आहे. मेव्हणा ठणठणीत आहे, पण तो मुद्दा वेगळा.
मुलीचा फोन. बाबा, गोळी घ्या. बघतो म्हटलं. मग तिने आईला फोन द्यायला सांगितलं. ही म्हणत होती, तू काळजी करू नकोस, मी आहे ना बघायला.
ही माझ्यासाठी अळणी भाजी वेगळी करते. मी ती टाकतो. वाया जायला नको म्हणून ही वरून मीठ घालून संपवते.

९ मार्च, रविवार
घरी मोजायचं मशीन आणलं. दुकानदाराने बजावलं, आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेका, दंड छातीच्या पातळीत ठेवा. सगळं केलं. १६८. हात बदलला. १६५. हिला म्हटलं, नवं कोरं मशीन आणि पहिल्याच दिवशी बिघडलेलं. ही म्हणाली, गोळी घेऊन बघा ना. बायकांना यंत्रातलं कळत नाही.

११ मार्च, मंगळवार
कामावर बसल्या बसल्या उपाय सुचला. गेजवर संशय आला की ते मास्टर गेजशी ताडून बघायचं. मास्टर म्हणजे ज्याच्याबद्दल शंकाच नाही असं. घरात असं कोण? ही. कधी आजारी नाही, कधी तक्रार नाही, टेन्शन तर मुळीच नाही. ते खातं माझ्याकडे आहे.
हिला खुर्चीत बसवलं. म्हणाली, गॅसवर दूध आहे. म्हटलं, पाच मिनिटं नुसती बस. म्हणाली, नुसतं बसून काय करायचं असतं? पट्टा लावला.
१८८ वर ११२.
सिद्ध झालं! मशीन भंगार आहे. हिचं १२० असणारच, म्हणजे मशीन ६८ जास्त दाखवतं. माझ्या १६८ मधून ६८ गेले, उरले १००. माझं प्रेशर तर लो आहे. मीठ ताबडतोब सुरू.

१३ मार्च, गुरुवार
लो प्रेशरवर उपाय म्हणून शेंगदाणे, न पुसता.
सकाळी हिच्या हातून कप निसटला. म्हणाली, बोटांत जीवच नव्हता. मग बशी हवी होती तर शब्द आठवेना, नुसतं बोट दाखवत राहिली. थोड्या वेळाने सगळं जागेवर. माझ्या काळजीने होतंय तिला. धीर दिला की माझं उलट लो आहे.

१५ मार्च, शनिवार
मशीन परत करायला गेलो. पुरावा म्हणून हिला नेलं. दुकानदाराने आणखी दोन मशीनं लावली. दोन्हींवर १९० च्या आसपास. म्हटलं, लॉटच खराब दिसतोय. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्याने हिला विचारलं, काकू, हात बधिर झाला होता का कधी? हिने कपाचं सांगितलं. त्याने दुकान तसंच टाकलं आणि आम्हाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.
मशीनचे पैसे परत मागायचे राहिले.

१६ मार्च, रविवार
ही दवाखान्यातच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कप निसटला तो इशारा होता. मेंदूला काही मिनिटं रक्त पोचलं नाही. पुढच्या वेळी मिनिटांवर भागलं नसतं. हृदयाची भिंतही जाड झाली आहे, म्हणजे हे दुखणं आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. यांचं प्रेशर याआधी कधी तपासलं होतं? मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, मुलीच्या वेळी, माझ्या बाळंतपणात.
मुलीला नोकरी लागून दोन वर्षं झाली.
मुलगी आली, माझ्यासमोरून थेट आईजवळ गेली. घरी आलो. दूध उतू घालवलं. भीती वाटली, तेवढं लिहून ठेवतो.

२० मार्च, गुरुवार
हिला घरी आणलं. पहिला प्रश्न, तुम्ही गोळी घेतली का?
मास्टर गेजसुद्धा दरवर्षी तपासून घ्यायचं असतं. कामावर भिंतीला तशी पाटी आहे. माझ्याच अक्षरात.
संध्याकाळी हिला खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं नुसती बसली. हिला अशी बसलेली मी कधी बघितलीच नव्हती. १५२. मग पट्टा मला लावला. १७०. वजाबाकी केली नाही. गोळी घेतली.
मशीन बरोबर आहे. रोजनिशीत सही करायची पद्धत नसते, तरी खाली सही केली.